कल्पना नाही, की कल्पना करवत नाही?

परक्या भाषेतील काही शब्दांशी आपली ओळख इतक्या लहान वयात होते की पुढे आयुष्यभर त्यांच्याकडे निरखून पाहण्याची आपणांस गरज वाटत नाही. ‘इमॅजिन’ हे इंग्रजी क्रियापद अशा शब्दांपैकी एक होय. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर ज्यांचे इंग्रजी पोसले त्या पिढ्यांपासून आजच्या इंग्रजी माध्यमातील नातवंडांपर्यंत साऱ्यांनी ‘इमॅजिन म्हणजे कल्पना करणे’ एवढे समीकरण पाठ करावयाचे आणि पान उलटावयाचे, अशी रीत पडून गेली आहे. समीकरण खोटे नाही. परंतु आमच्या बडोद्यासारख्या गावी घरात मराठी, दारात गुजराती आणि शाळा-कचेरीत इंग्रजी अशा तीन भाषांतून दिवस जातो, आणि तेथे अशी अर्धी समीकरणे कधी कधी महाग पडतात. या एका शब्दाचा अर्थ अर्धवट लागल्यामुळे आमच्याच कुटुंबात आजी आणि नात यांच्यामध्ये काही आठवडे अबोला राहिला. ती हकीकत ओघाने येईलच. तत्पूर्वी या शब्दाचे कूळ आणि त्याचे वागणे वाचकांसमोर ठेवावे असे मनात आहे. पुष्कळ वर्षे शाळेत इंग्रजी शिकविल्यामुळे जडलेली ही खोड आहे. वाचक ती सोसून घेतील अशी आशा करतो.

‘इमॅजिन’चे कूळ लॅटिन. ‘इमागो’ म्हणजे प्रतिमा. तिच्यावरून क्रियापद झाले आणि ते फ्रेंच भाषेच्या वाटेने चौदाव्या शतकात इंग्रजीत येऊन स्थिरावले. ‘इमेज’ ही त्याची सख्खी बहीण. प्राचीन रोममध्ये या ‘इमागो’ शब्दाला आणखी एक घरगुती अर्थ होता. तेथील मोठ्या घराण्यांत, अधिकारपदे भूषविलेल्या पूर्वजांचे मेणाचे मुखवटे दर्शनी दालनातील कपाटांतून जपून ठेवीत. त्या मुखवट्यांनाही ‘इमागो’च म्हणत. घरात कोणी निवर्तले की अंत्ययात्रेत माणसे ते मुखवटे धारण करून चालत, जणू मागल्या पिढ्याच नव्याने जाणाऱ्याला न्यावयास आल्या आहेत. हे प्रथम वाचले तेव्हा आम्हांला देवघरातील टाकांची आठवण झाली. कुलदैवतांच्या टाकांशेजारी पूर्वजांचेही टाक पुजण्याची चाल कितीतरी मराठी घराण्यांत आहे. अठराव्या शतकात गायकवाडांच्या मागोमाग जी घराणी गुजरातेत उतरली, त्यांच्या सामानसुमानात हे टाक सर्वांत जपून आणलेले असतील. सांगावयाचे ते एवढेच की, जो डोळ्यांआड झाला त्याला डोळ्यांसमोर ठेवणे ही गोष्ट या इंग्रजी शब्दाच्या मुळाशीच आहे.

आता त्याचे वागणे पाहू. ‘इमॅजिन’चा पहिला अर्थ मनात चित्र उभे करणे. समुद्र न पाहिलेल्या मुलाने समुद्र डोळ्यांसमोर आणावा, तो हा अर्थ. येथे एक व्याकरणाची खोच आहे. या क्रियापदामागे दुसरे क्रियापद आणावयाचे तर ते ‘इंग’ प्रत्यय लावून आणावे लागते. ‘इमॅजिन लिव्हिंग ऑन द मून’ असे म्हणावे. ‘इमॅजिन टू लिव्ह’ म्हणू नये. आमचे विद्यार्थी येथे हमखास अडखळत, कारण ‘वॉन्ट’, ‘होप’, ‘डिसाइड’ या नेहमीच्या क्रियापदांमागे ‘टू’ येतो. आम्ही त्यांना सांगत असू की, इच्छा आणि निश्चय पुढच्या गोष्टीकडे बोट दाखवितात, म्हणून त्यांना ‘टू’ लागतो. ‘इमॅजिन’ मात्र ती गोष्ट आताच घडत आहे असे पाहते, म्हणून त्याला ‘इंग’ शोभते. भाषाशास्त्राच्या काट्यावर हे स्पष्टीकरण कितपत उतरेल ते उतरो, मुलांच्या ध्यानात ते राहत असे खरे.

दुसरा अर्थ अंदाजाचा. ‘आय इमॅजिन ही इज अ‍ॅट होम’ असे इंग्रज म्हणतो तेव्हा तो कसलेही चित्र रंगवीत नसतो. ‘तो घरी असेल बहुधा’ एवढेच त्याला म्हणावयाचे असते. तिसरा अर्थ भ्रमाचा. ‘यू आर इमॅजिनिंग थिंग्ज’ म्हणजे ‘तुला भास होतो आहे, तसे काही नाही’. चौथ्या अर्थात थोडी टवाळी आहे. ‘ही इमॅजिन्स हिमसेल्फ अ पोएट’ म्हणजे तो स्वतःला कवी समजतो, आणि बोलणाऱ्याला ते मान्य नाही. पाचवा प्रकार केवळ उद्गाराचा; ‘जस्ट इमॅजिन!’ म्हणजे ‘बघा तरी!’ किंवा ‘काय म्हणावे याला!’ चित्र, अंदाज, भ्रम, तोरा आणि नवल अशी पाच माणसे एकाच नावाने हिंडतात, आणि कोण कोणते हे वाक्याच्या चेहऱ्यावरून ओळखावे लागते.

शिवाय आज्ञार्थ आहेच. १९७१ साली जॉन लेनन याने या एका शब्दाच्या नावाचे गाणे काढले आणि ते जगभर गेले. आमच्या नातवंडांनाही ते ठाऊक आहे. त्या शीर्षकाचे मराठी काय करावे असा प्रश्न घरात निघाला तेव्हा कोणी ‘कल्पना करा’ म्हटले. लगेच थोरला नातू म्हणाला, “हे तर भूमितीचे पुस्तक झाले!” त्याचे म्हणणे रास्त होते. मराठीत माणूस माणसाला जवळ बसवून सांगतो तेव्हा ‘समजा’ म्हणतो, ‘घटकाभर धरून चाला’ म्हणतो, ‘डोळ्यांसमोर आणा’ म्हणतो. आमचा गुजराती शेजारी ‘धारो के’ म्हणतो. न घडलेली गोष्ट हाती धरून ठेवण्याची ही रीत मराठी आणि गुजराती या दोन्ही शेजारणींनी सारखीच पत्करलेली दिसते.

इंग्रजीत ‘इमॅजिन’ची एक चुलत बहीणही आहे, ‘फॅन्सी’. ‘फॅन्टसी’ हा शब्द आखडून ती झाली. आपल्याकडे ती बाजारातच जास्त भेटते: फॅन्सी साडी, फॅन्सी बटणे, मुलांचा फॅन्सी ड्रेस. विलायतेत मात्र ती घरोघरी क्रियापद म्हणून वावरते. ‘चहा घ्यावासा वाटतो का?’ हे तेथे ‘फॅन्सी’ वापरून विचारतात. कोलरिज या कवीने १८१७ साली प्रसिद्ध केलेल्या ‘बायोग्राफिया लिटरेरिया’ या ग्रंथात या दोघींच्या वाटण्या करून दिल्या. आठवणीतील सुट्या वस्तू उचलून त्यांची नवी मांडणी करते ती ‘फॅन्सी’, आणि त्या वस्तू विरघळवून त्यांतून एकजीव नवे काही घडविते ते ‘इमॅजिनेशन’, असा त्याच्या म्हणण्याचा सारांश. बोलीभाषेने ही वाटणी कधी पाळली नाही. साहित्याच्या वर्गांत मात्र ती अद्याप शिकविली जाते.

आता आपल्या ‘कल्पना’कडे वळू. तिचे मूळ संस्कृत ‘क्लृप्’ धातूत आहे, आणि त्या धातूत चित्र नाही, प्रतिमा नाही. योग्य असणे, जुळणे, मांडणी होणे, घडविणे असे त्याचे अर्थ. संध्येतील अघमर्षण सूक्तात विधात्याने सूर्यचंद्र पूर्वीप्रमाणे निर्माण केले असे सांगताना हाच धातू योजिला आहे. तेथे तो सूर्यचंद्रांचे स्वप्न पाहत नाही, ते सिद्ध करतो. याच मुळाचा ‘संकल्प’, जो आपण हातात पाणी घेऊन सोडतो. याच मुळाचे ‘विकल्प’ आणि ‘प्रकल्प’. याच मुळाचा ‘कल्पक’ माणूस, जो मोडक्या खुर्चीचे फडताळ करून दाखवितो. बडोद्याच्या वाचकांना तर या कुळातील एक थोर नाव आपल्याच राज्यातले म्हणून सांगता येईल. महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या प्रेरणेने राज्यकारभारातील शब्दांना अनेक भाषांतून पर्याय देणारा मोठा कोश १९३१ साली निघाला, त्याचे नाव ‘श्री सयाजी शासन शब्दकल्पतरु’. ज्या राज्यात प्रजा एका भाषेत बोले, दरबार दुसऱ्या भाषेत चाले आणि वरिष्ठ सत्तेशी पत्रव्यवहार तिसऱ्या भाषेत होई, तेथे शब्दाला शब्द नीट जुळविणे हे राजालाही राज्यकर्तव्य वाटले.

इंग्रजी शब्द पाहण्यातून निघाला आणि मराठी शब्द जुळविण्यातून, त्यामुळे दोघांचे संसार वेगळे झाले. मराठीत ‘कल्पना’ हळूहळू ज्ञानाच्या शेजारी येऊन बसली. ‘मला त्याची कल्पना नव्हती’ म्हणजे मला ते ठाऊक नव्हते. ‘तुम्हांला आधी कल्पना देतो’ म्हणजे आधी कळवितो. ‘त्याला परिस्थितीची पूर्ण कल्पना आहे’ म्हणजे तो सारे जाणून आहे. येथे स्वप्नरंजनाचा लवलेश नाही. आमच्या शाळेतील एक हिंदीभाषक सहकारी नेहमी म्हणत की, तुम्ही मराठी लोक बैठकीच्या वेळेचीही ‘कल्पना’ देता, याचे आम्हांला मोठे नवल वाटते! म्हणजे ‘इमॅजिन’चे बोट धरून जो ‘कल्पना’पर्यंत येतो, त्याला वाटते आपण स्वप्नांच्या घरी आलो, प्रत्यक्षात तो पुष्कळदा जाणिवेच्या घरी आलेला असतो.

मराठीने आणखी एक सोय करून ठेवली आहे. जे आपल्या मनात आपोआप येते त्यासाठी ती ‘मी’ला कर्ता होऊ देत नाही. मला वाटते, मला भासते, मला सुचते. गोष्ट बाहेरून येते आणि मी तिचा यजमान असतो. जे आपण होऊन करावयाचे, तेथे ‘मी’ पुढे येतो: मी कल्पना करतो, मी गृहीत धरतो. एकाच ‘समजणे’ या क्रियापदात हा भेद किती बारीक उतरला आहे पाहा. ‘मला समजले’ म्हणजे मला ज्ञान झाले. ‘मी समजत होतो’ म्हणजे बहुधा तसे नव्हते. आणि ‘तो स्वतःला समजतो कोण?’ येथे तर भांडणालाच तोंड लागले. इंग्रज हे सारे ‘आय इमॅजिन’ आणि ‘ही इमॅजिन्स’ यांवर भागवितो; आपण विभक्ती बदलून सांगतो.

आता ती हकीकत. दोन वर्षांपूर्वी आमचे थोरले बंधू वारले. दांडिया बाजारातील जुन्या घरी वहिनी एकट्या राहिल्या. मुलगा टोरांटोहून धावत आला आणि तेरावे आटोपून परत गेला. नात तिकडेच जन्मलेली, परीक्षेमुळे तिला येता आले नाही. तिला मराठी बोलणे समजते, मोडके बोलताही येते. लिहिता येत नाही. तिने आजीच्या मोबाइलवर इंग्रजीत चार ओळी धाडल्या. त्यांतील एक ओळ अशी होती: ‘आय कान्ट इमॅजिन व्हॉट यू आर गोइंग थ्रू.’ वहिनींना इंग्रजी येत नाही. शेजारचा शाळकरी मुलगा मोठ्या आपुलकीने वाचून दाखविण्यास आला आणि त्याने अर्थ सांगितला, “आजी, ती म्हणते, तुमचे काय चालले आहे याची तिला कल्पना नाही.”

वहिनी काही बोलल्या नाहीत. परंतु रविवारी टोरांटोचा फोन वाजला तेव्हा त्या पूजेत होत्या, त्यापुढच्या रविवारी डोके दुखत होते, आणि तिसऱ्या रविवारी त्यांनी सरळ सांगितले, “मुलाशी बोलेन, पोरीला देऊ नका.” आम्ही कारण विचारले. पुष्कळ वेळाने त्या म्हणाल्या, “भावोजी, आजोबांनी तिला मांडीवर बसवून चित्रे काढायला शिकवले. ते गेले, आणि ती म्हणते मला कल्पना नाही. परक्यासुद्धा येऊन म्हणाल्या की तुमच्या दुःखाची आम्हांला कल्पना आहे. मग ही कोण झाली?”

आम्ही तो मजकूर मागवून वाचला. शब्दाला शब्द पाहिला तर मुलाने वावगे काही केले नव्हते. वाक्याचा जीव मात्र निसटला होता. दुःखाच्या प्रसंगी इंग्रजी बोलणारा माणूस ‘मी तुझ्या दुःखाची कल्पना करू शकत नाही’ असे म्हणतो ते आदराने. तुझे दुःख माझ्या मनात मावणार नाही एवढे मोठे आहे, ते मला समजले असा दावा मी करणार नाही, असा त्यातील नम्र भाव. आपण नेमके उलट बोलतो. ‘आम्हांला कल्पना आहे’ म्हणतो, कारण आपल्याकडे समाचाराला येणारा माणूस दुःखाचा वाटा उचलावयास येतो. मी बाहेरचा नाही, मला ठाऊक आहे, हे त्याला सांगावयाचे असते. तो दारात उभा राहून आदर दाखवितो, आपण आत येऊन बसतो. भाव एकच, परंतु एकाचे वाक्य जसेच्या तसे दुसऱ्याच्या भाषेत ठेवले की नम्रता कोरडी वाटते आणि जिव्हाळा आगाऊ वाटतो. आमच्या ‘कल्पना आहे’चे कोणी शब्दशः ‘आय हॅव ॲन आयडिया’ करून टोरांटोस धाडले असते, तर तिकडेही असाच अबोला झाला असता.

मग या वाक्याला मराठी आहे की नाही? आहे, आणि ते आपल्या व्याकरणातच दडलेले आहे. ‘कल्पना नाही’ म्हणजे ठाऊक नाही. ‘कल्पना करता येत नाही’ म्हणजे ते सामर्थ्य नाही. आणि ‘कल्पना करवत नाही’ म्हणजे मन धजत नाही, ते चित्र डोळ्यांसमोर आणू लागले की काळीज मागे घेते. व्याकरणकार याला शक्य क्रियापद म्हणतात. म्हाताऱ्याला आता चालवत नाही, आजाऱ्याला जेववत नाही, आईला बोलवत नाही. या सर्व ठिकाणी तो प्रत्यय शरीराची आणि मनाची असमर्थता किती मायेने सांगतो! इंग्रजीला येथे एक ‘कान्ट’ पुरतो. त्यात येत नाही, शक्य नाही आणि सोसत नाही हे तिन्ही अर्थ कोंबलेले असतात. आपल्याकडे सोसत नाही याला स्वतंत्र रूप आहे.

आम्ही वहिनींना म्हटले, “वहिनी, पोरीने ‘कल्पना नाही’ म्हटलेले नाही. ‘तुझे काय होत असेल, आजी, मला कल्पना करवत नाही’ असे ती म्हणते आहे.”

त्या पदराशी चाळा करीत बसल्या होत्या. थोड्या वेळाने एवढेच म्हणाल्या, “करवत नाही म्हणाली होय?” पुढल्या रविवारी फोन वाजला तो त्यांनीच उचलला. पलीकडे नात रडत असावी. वहिनी तिला सांगत होत्या, “तुला यायला मिळाले नाही, तुझे तिकडे काय झाले असेल याची मला कल्पना आहे ग.” आता हे वाक्य त्या मुलीला कसे पोहोचणार म्हणून आम्ही क्षणभर घोटाळलो, परंतु ते पोहोचले. आवाजाला व्याकरण लागत नाही. अडचण होते ती लिहिलेल्या शब्दाला, कारण त्याच्यासोबत आवाज जात नाही.

आपल्याकडील जुन्या साहित्यशास्त्राने या बाबतीत एक मार्मिक भेद केलेला आहे. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त प्रतिभा दोन प्रकारची मानली: कारयित्री आणि भावयित्री. पहिली लिहिणाऱ्याची, दुसरी वाचणाऱ्याची. लिहिणाऱ्याने कितीही जीव ओतला तरी वाचणाऱ्यापाशी ती दुसरी प्रतिभा नसेल तर काव्य वांझ राहते. आम्हांस वाटते, हा नियम काव्यापुरता नाही. परदेशातून येणाऱ्या चार ओळींच्या निरोपालाही तो लागू आहे. शब्दकोश उघडून जो अर्थ मिळतो तो अर्धा. हे वाक्य कोणी, कोणत्या भाषेत वाढलेल्या माणसाने, कोणत्या प्रसंगी लिहिले हे मनात उभे करणे हा उरलेला अर्धा. खरे ‘इमॅजिन’ करणे ते हेच.

महाराष्ट्राबाहेरील मराठी घरांना या कामाची गरज इतरांहून अधिक आहे. आपल्या घरांत आता तीन पिढ्या तीन भाषांत विचार करू लागल्या आहेत. आजी मराठीत रागावते, मुलगा गुजरातीत व्यवहार करतो, नात इंग्रजीत रडते. यात विपरीत काही नाही. आपल्या पूर्वजांनीही येथे येऊन शेजाऱ्याची भाषा आपलीशी केली, म्हणूनच ते टिकले. मात्र त्यांच्या काळी आजी आणि नात एका छपराखाली असत आणि चुकलेला शब्द संध्याकाळपर्यंत सुधारून घेता येई. आज मध्ये समुद्र आहेत. अशा वेळी दोन्ही भाषा जाणणाऱ्या मधल्या पिढीवर दुभाष्याचे काम येऊन पडते, आणि ते शाळकरी मुलावर सोडून चालत नाही. निरोप वाचून दाखवावयाचा तर तो मनाशी आधी एकदा मराठीत बोलून पाहावा. आपली माणसे अशा प्रसंगी हेच कसे म्हणाली असती असे स्वतःला विचारावे, आणि मगच उच्चारावा.

मुलांसाठीही एक सोपा उपाय सुचवावासा वाटतो. शाळेतून ‘इमॅजिन यू आर अ रिव्हर’ अशा विषयांचे निबंध घरी येतात. मुलाने तो इंग्रजीत लिहून टाकला की आपण वही मिटवितो. त्याऐवजी जेवणाच्या पानावर त्याला म्हणावे, “तू विश्वामित्री आहेस असे समज. मगरी कुठे निजल्या आहेत? पावसाळ्यात तुला काय वाटते? उन्हाळ्यात तुझे काय होते?” तो मराठीत उत्तर देऊ लागेल तेव्हा वाटणे, भासणे, सुचणे, दिसणे ही सारी क्रियापदे आपोआप त्याच्या तोंडी येतील, आणि त्यांतील प्रत्येकाचा वेगळा भाव त्याला कोणी न शिकविता कळेल. पुढे कधी दूरदेशी राहून त्याला आपल्या माणसांना दुःखाचे किंवा सुखाचे चार शब्द कळवावे लागतील. ते तो कोणत्याही भाषेत लिहो. ते वाचणाऱ्याच्या कानांवर कसे पडतील, हे लिहिण्यापूर्वी मनात आणण्याची सवय त्याला घरातच लागलेली असेल.